दोरीचा खांब

आमच्या घरच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे "ऊनं का?" आमच्या अहिराणीत ऊनं म्हणजे आलं. गिऱ्हाइकाच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, माझे वडील नाना अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून इंच इंच फिरवायचे आणि ओरडायचे, "ऊनं का?" खाली अंगणात उभी असलेली मी तोच प्रश्न ओसरीवरून आत पाठवायची. आत टीव्हीसमोर त्या घरातली सगळी माणसं बसलेली असायची आणि त्यांच्यात एकमत कधी नसायचं. म्हातारा म्हणायचा, ऊनं. सून म्हणायची, मुंग्या शेत, म्हणजे पडद्यावर नुसते ठिपके आहेत. पोरं नुसतीच "गयं, गयं", म्हणजे गेलं गेलं, करून ओरडायची. त्या सगळ्या गोंधळातून खरं उत्तर निवडून वर पाठवणं हे माझं पहिलं काम. मी ते चांगलं करायची. कुणाच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा हे मला दोन मिनिटांत कळायचं, आणि ती विद्या आजही माझ्या उपयोगाला येते.

नानांचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. रेडिओ, टेप, पंखे, मिक्सर सगळं दुरुस्त व्हायचं, पण नाना ओळखले जायचे ते अँटेनासाठी. गल्ल्यावर माझे मोठे काका, आबा, बसायचे. ते हाताने कधी स्क्रू फिरवायचे नाहीत. त्यांचं काम बोलण्याचं. गिऱ्हाइकाला बसवायचं, चहा सांगायचा, आणि नानांच्या कामाची इतकी तारीफ करायची की नाना मागच्या बाजूला जाऊन उभे राहायचे. घर लहान, त्यामुळे दुकानाचा वास घरभर असायचा. सोल्डरचा धूर आणि त्यात आईच्या चुलीवर भाजल्या जाणाऱ्या वांग्यांचा धूर मिसळायचा. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी नसेल असा आठवडा जायचा नाही. नाना जेवायला बसले की आई आधी त्यांच्या बोटांकडे बघायची. ग्रीस दिसलं की ताट मागे. "राख घ्या नी परत धुवा," ती म्हणायची. ग्रीस साबणाने जात नाही, चुलीतल्या राखेने जातं. मी अजून हात राखेनेच धुते; आता चूल नाही, म्हणून रावेरकडच्या एका शेतकऱ्याकडून डबाभर राख आणून ठेवते.

अॅल्युमिनियमच्या नळ्या नाना धुळ्याहून आणायचे. पहाटेच्या एस.टी.ने जायचे आणि दुपारी त्या लांब नळ्या बसच्या टपावर बांधून परत यायचे. नळ्या कापायच्या, भोकं पाडायची, मधल्या आडव्या दांडीवर ओळीने बसवायच्या, हे सगळं अंगणात चालायचं. पण ते नानांच्या मते सोपं काम. अवघड काम जोडाचं. अँटेना कितीही सरळ बनवला तरी त्याची वायर जिथे जोडली जाते तिथे तो मरतो, असं त्यांचं म्हणणं. तांब्याला हवा आणि पाणी लागलं की कळंक चढतो, कळंकातून चित्र जात नाही. म्हणून त्यांच्या पिशवीत मी आजही डोळे मिटून मोजू शकेन अशा ठरलेल्या वस्तू असायच्या: घासायला पॉलिश पेपर, तांब्याच्या टोकांना कल्हईसारखा थर चढवायला सोल्डरची इस्त्री, टोपणाच्या जुन्या डबीत ग्रीस, आणि सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे. आधी घास, मग कल्हई, मग कसून आवळ, मग ग्रीस, मग वर ट्यूबचा मोजा. यातली एक पायरी गाळली की नाना जोड उपटून टाकायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे, समोर गिऱ्हाईक घड्याळ बघत असलं तरी.

दुसरी एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढली होती. बाकीचे मिस्तरी अँटेनापासून टीव्हीपर्यंत एकच वायर सोडायचे. ती वाऱ्याने तुटली की सगळा खांब खाली घ्यावा लागायचा. नाना खांबावरच, हात पोचेल इतक्या उंचीवर, प्लास्टिकची एक लहान डबी बसवायचे. वरची वायर त्या डबीत यायची, खालची तिथून निघायची. बिघाड झाला तर डबी उघडायची, वरचं तपासायचं, खालचं तपासायचं, खांबाला हात लावायचा नाही. गावात त्या डबीवरून नानांचा अँटेना लांबून ओळखू यायचा. आबा गल्ल्यावर बसून, ती पाहिली का असं विचारत, सांगायचे, "डबी दखी का? मंग तो आमनाच!"

आणि एक नियम होता, तो नानांनी कधी सांगितला नाही, पण सगळ्यांना ठाऊक होता. शिडीवर चढतो तो मिस्तरी, शिडी धरतो तो हाताखालचा. नाना कुणाचीही शिडी धरत नसत.

मी नववीत असतानाच्या हिवाळ्यात नानांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. सदरा घालताना आईला बाही धरावी लागायची. डॉक्टर झाले, तेल झालं, आमच्या चोपड्यातल्याच एका बाईंनी चोळून दिलं, पण खांदा आपल्या गतीनेच सुटणार होता. कापसाचे पैसे लोकांच्या हातात आले होते, नवे टीव्ही येत होते, आणि नानांना डबीपर्यंत हात नेता येत नव्हता. एका सकाळी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चाल." एवढंच. आई दारातून बघत होती. तिने माझी ओढणी काढून घेऊन आत टाकली, वायरीत अडकू नये म्हणून.

तीन घरं मी केली. तिन्ही आमच्याच मागच्या गल्लीतली. नाना धाब्यावर माझ्याबरोबर यायचे, पण बसून राहायचे, आणि मी घासताना, आवळताना, ग्रीस भरताना माझ्या बोटांकडे बघत राहायचे. चुकलं तर बोलायचे नाहीत, खाकरायचे. पहिल्या घरी खूप खाकरले. तिसऱ्या घरी एकदाही नाही. त्या दिवशी मी घरी येताना रस्त्याच्या मधोमध चालले असेन, कारण मला आठवतं की एका सायकलवाल्याने मला शिवी दिली होती आणि ती मला लागलीच नव्हती.

मग उन्हाळा आला, आणि सगळ्यात आधी सुपडाअक्कांच्या घरून निरोप आला की चित्र गेलं. सुपडाअक्का म्हणजे मागच्या गल्लीचा आवाज. त्यांच्या घरचं लग्न असो की भांडण, सगळ्या गल्लीला ऐकू जायचं, आणि त्यांच्या टीव्हीसमोर रविवारी सकाळी निम्मी गल्ली बसायची. माझं पहिलं घर तेच. पाठोपाठ दुसऱ्या घरचं चित्र गेलं, मग तिसऱ्या. तिन्ही माझी. गावातले नानांनी लावलेले बाकी सगळे अँटेना ठणठणीत.

नानांनी अक्कांच्या धाब्यावर जाऊन डबी उघडली. मी अंगणात शिडी धरून उभी होते. ते बराच वेळ खाली आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात वायरीचे तुकडे होते, टोकांवर हिरवा कळंक, आणि स्क्रूंवर पांढरट पूड.

"कल्हई करी व्हती ना?" त्यांनी विचारलं.

"करी व्हती, नाना."

"ग्रीस?"

"तुमना समोरच भरं."

त्यांनी तुकडे खिशात टाकले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण तेच माझ्याही मनात चाललं होतं. जोड पाण्याने खराब होतो. पावसाळ्यात झाला असता तर पावसाला दोष दिला असता. पण हा वैशाख. खानदेशातला वैशाख, जेव्हा दुपारी धाब्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, जेव्हा वाळत घातलेला कपडा हातातला दुसरा कपडा पिळेपर्यंत कडक होतो. थेंबभर पाणी नाही तिथे कळंक कसा? पाणी नाही म्हणजे एकच कारण उरतं: जोड करणाऱ्याचा हात.

आबांनी तेच दुकानात मोठ्याने सांगितलं. त्यांच्या मनात माझ्याविषयी वाईट काही नव्हतं. त्यांना गल्ल्यावर बसून रोज माणसांना तोंड द्यायचं होतं.

"लोके हासतस रे," ते नानांना म्हणाले. "म्हनतस, डबी नानानी, नी हात पोरना. पंधरा वरीसमा कमाडेल नाव शे आपलं."

"पोर चांगलं काम करस," नाना म्हणाले.

"चांगलं करस तं तिन्ही घरं तिनाच काब्र गयात? तुन्हं एकबी काब्र नही गयं? सांग माले!" मग माझ्याकडे वळून, जरा आवाज उतरवून, "वंदे, तू हुशार शे. शाळा शिक. धाबावर चढनं पोरीस्नं काम नही."

मला तेव्हाही हे गमतीचं वाटलं होतं. आमच्या गावात उन्हाळाभर धाब्यावर बायकाच असतात. पापड, कुरडया, बिबडे, शेवया, मिरच्या, सगळं त्याच शिडीने वर जातं आणि बायकांच्या डोक्यावरून जातं. बिबडे वाळवायला चढलेली बाई कुणाला दिसत नाही. हातात स्क्रूड्रायव्हर असला की तीच बाई सगळ्या गावाला दिसायला लागते.

 दुसऱ्या दिवशी पिशवी नानांनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर घेतली. तिन्ही घरांचे जोड त्यांनी स्वतः परत केले. मी शिडी धरली. वरून त्यांचा उजवा हात डबीकडे नेतानाचा आवाज मला खाली ऐकू येत होता. दात आवळून सोडलेला श्वास. त्या हाताने ते अख्खा उन्हाळा काम करणार होते, नाहीतर आबा यावलकडचा एक मिस्तरी बघत होते तो येणार होता, आणि तो आला की माझी पिशवी कायमची गेली. मला दुसरं काहीही नको होतं. शाळेतला नंबर नको होता, नवे कपडे नको होते. मला ती पिशवी परत हवी होती.

शाळेला सुट्टी होती आणि हात रिकामे होते, म्हणून आईने मला बिबड्यांच्या कामाला लावलं. बिबडे एकट्या घराने होत नाहीत. गल्लीतल्या बायका फेरा धरतात: आज हिच्या धाब्यावर, उद्या तिच्या. ज्वारीचं आंबवलेलं पीठ पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायचं, त्यात मीठ, पापडखार, लसूण, तीळ, मिरची. ढवळणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे येतात. पीठ शिजलं की पहिला गोळा पोरांना, वर कच्चं तेल. त्याच्यासारखं मी नंतर कुठे खाल्लेलं नाही, आणि मी बऱ्याच ठिकाणी जेवले आहे. मग जुन्या धोतरांचे ओले कपडे खाटांवर पसरायचे, त्यावर पळीने पीठ घालून ओल्या हाताने गोल थापायचं. वाळले की कपडा उलटा करून मागून पाणी मारायचं आणि एकेक बिबडा सोडवायचा. हे कपडे मिठात आणि खारात इतके मुरतात की वाळल्यावर उभे राहतात. पाण्यातून काढायचे, न पिळता दोरीवर टाकायचे, पुन्हा घ्यायचे. सगळा फेरा त्याच कपड्यांवर आणि त्याच दोरीवर. दोरी सुपडाअक्कांची होती, जाड सुताची, आणि ती कपड्यांबरोबर घरोघर जायची.

मी गेले तोवर फेरा संपला होता, पण अक्कांच्या शिरपूरला दिलेल्या लेकीसाठी आणखी एक घाणा काढायचा होता. तो रविवार होता. उन्हं वर आली तेव्हा आम्ही सातआठ जणी अक्कांच्या धाब्यावर होतो. खाली घरात रविवारच्या मालिकेचं गाणं सुरू झालं आणि निम्म्या बायका हात पुसत खाली धावल्या. अक्का थांबल्या. त्यांनी बादलीतून ओली दोरी काढली, एक टोक शेजारच्या उंच भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं, आणि दुसरं टोक घेऊन अँटेनाच्या खांबाकडे आल्या. पाइप गुळगुळीत, साधी गाठ मारली तर भाराने दोरी घसरत खाली येते. अक्कांनी दोरीचा वेढा माझ्या डबीच्या बरोबर वर दिला. डबीने वेढा अडवला. गाठ जागच्या जागी बसली. अक्कांनी समाधानाने डबीवर एक थाप मारली.

"ही डबी चांगली शे वो तुमनी," त्या म्हणाल्या. "पहिले दोरी सरकी सरकी जाये."

मी बघत राहिले. दोरीतून पाणी खांबावर उतरलं, खांबावरून डबीवर, आणि वरची वायर जिथून डबीत शिरते त्या भोकात गेलं. दोन कपडे पडले, दोरी ताणली गेली, आणखी पाणी उतरलं. आणि खालून, घरातून, एकदम दहाबारा आवाज आले:

"गयं!"

त्या क्षणाबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. बाकी अँटेनांना का काही झालं नाही, हेही मला त्याच वेळी कळलं. नाना उंच. त्यांची डबी त्यांच्या हाताच्या उंचीवर, म्हणजे बायकांच्या डोक्याच्या बऱ्याच वर. तिथे दोरी बांधायचं कुणाच्या मनात येणार नाही. माझी डबी माझ्या हाताच्या उंचीवर. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या हाताच्या उंचीवर. आणि तिन्ही घरांची चित्रं ज्या क्रमाने गेली, तोच बिबड्यांच्या फेऱ्याचा क्रम होता. वैशाखात धाब्यावर पाणी नसतं, हे गावातल्या सगळ्या पुरुषांना पक्कं माहीत होतं. ते बिबड्यांच्या दिवसांत सकाळी धाब्यावर कधी गेलेच नव्हते.

मी दोरी सोडली. कपडे माझ्या पायांवर पडले. अक्का ओरडल्या, "अवं काय करी ऱ्हायनी तू! मन्ही धोतरं!" मी ओढणीने खांब पुसला, डबी उघडली, ओढणीच्या कोरड्या टोकाने आतले स्क्रू टिपले. खालून आवाज आला, आधी पोरांचा, मग सगळ्यांचा:

"ऊनं! ऊनं!"

मी दोरीचं ओलं टोक डबीवर पिळलं. "गयं!" पुसलं. "ऊनं!" तिसऱ्यांदा केलं तेव्हा खालून अक्कांचे यजमान चिडून बाहेर आले आणि वर बघून म्हणाले, "वंदे, तू खेळी ऱ्हायनी का आमनासंगे?"

"नानाले बलावा," मी वरून म्हणाले. "आबालेबी. आत्तेना आत्ते."

नाना आले. बायका वर असताना पुरुष धाब्यावर चढत नाहीत, म्हणून ते शिडीच्या वरच्या पायरीवर थांबले, नुसतं डोकं वर. त्यांच्या मागे अंगणात आबा. मी दोरीचं टोक नानांच्या तोंडापुढे धरलं.

"चाखा."

"काय?"

"जीभ लावा, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे, मग गंभीरपणे जिभेचं टोक लावलं. भोवती उभ्या बायका पदरात हसू लागल्या. नानांचा चेहरा हळूहळू बदलला.

"मीठ," ते म्हणाले. पुन्हा लावली. "नी पापडखार."

मी डबी दाखवली, वेढा दाखवला, पाणी कुठून उतरतं ते दाखवलं. डबीत त्यांनीच केलेला जोड होता, आठवड्यापूर्वी, दुखऱ्या खांद्याने. ट्यूबचा मोजा मी बाजूला सारला. खारट कपडे अक्कांनी त्या आठवड्यात आणखी एकदा इथेच दोरीवर टाकले होते, आणि ग्रीसच्या कडेने हिरवी रेघ यायला लागली होती. आमच्या दोघांच्या हातांत काही फरक नव्हता, हे मला बोलून दाखवावं लागलं नाही.

"आते समजनं," नाना म्हणाले. "वैशाखमा पानी कथाईन ऊनं ते."

खालून आबा: "काय शे? काय म्हनी ऱ्हायनी ती?"

"आपला जोडसले बिबडाना खार लागना," नाना खाली बघून म्हणाले. "पोरना दोष नही. पोरनी धरी काढं."

आबा आपल्या धंद्याला जागून म्हणाले, "मी तं पहिलेच सांगं व्हतं, पोर हुशार शे." बायका आता उघड हसल्या. पण सुपडाअक्का हसल्या नाहीत. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, पायाशी मातीत लोळणारी धोतरं.

"ते बठ्ठं ठीक शे," त्या म्हणाल्या. "पन दोरी मी कथा बांधू? तुन्हा डोकाले?"

हा प्रश्न बरोबर होता. बाकी कुणीही तिथे 'खांबाला दोरी बांधू नका' असं सांगून उतरलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात अक्कांनी दोरी तिथेच बांधली असती, कारण बिबडे थांबत नाहीत. मी नानांना म्हणाले, दुकानामागे पाइपांचे तुटके तुकडे पडलेत. त्यातला एक इथे समोरच्या भिंतीला क्लॅम्पने आवळून द्या, वर आडवा बोल्ट टाका म्हणजे दोरी घसरणार नाही. डबीचं भोक वरून बंद करते, दोन्ही वायरी खालून घेते, आणि आत घेण्याआधी त्यांना एक झोका देते, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी झोक्याच्या तळाशी गळून जाईल, वर चढणार नाही. नानांनी मला मधे कुठेही अडवलं नाही. मी थांबले तेव्हा ते खाकरतील म्हणून वाट पाहिली. ते खाकरले नाहीत.

तुकडा आला, बसला. अक्कांनी त्याला दोरी बांधली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली, आणि स्वतःचं सगळं वजन टाकून पाहिली. मग नानांना म्हणाल्या, "आसा खांब पहिले देता तं काय व्हतं?"

त्यानंतर आमच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक अँटेनाबरोबर दोरीचा खांब गेला. नानांनी डबीची रचनाही बदलली आणि भोक खाली नेलं. गावात लोक म्हणायला लागले, नानाचा अँटेना, वंदीचा खांब. आबा तर गिऱ्हाइकाला अँटेनाच्या आधी खांब दाखवायचे आणि बायकोला विचारून या म्हणायचे. बायका ठरवायला लागल्यावर आमचं काम अडावदपर्यंत गेलं. अजून कधी चोपड्याला गेले की मी मागच्या गल्लीतून चालत जाते. अँटेना आता एकाही घरावर नाही. डिशच्या छत्र्या आल्या, मग त्याही कुणी बघेना. धाबी पाडून स्लॅब झाले. पण दोनतीन भिंतींवर तो आखूड पाइप आहे, वर आडवा बोल्ट, आणि त्याला दोरी.

माझं काम आजही तेच आहे. जळगावात माझी छोटी कंपनी आहे. बाहेर उघड्यावर बसवलेली जी काही उपकरणं हवेतून निरोप घेतात आणि पाठवतात, त्यांची आम्ही देखभाल करतो: रावेर, सावद्याची केळीची पॅकिंग केंद्रं, बँका, जिनिंगचे कारखाने. वस्तू महाग झाल्या, ग्रीसच्या डबीऐवजी छापील नावाची ट्यूब आली, सायकलच्या रबराऐवजी आपोआप चिकटणारी पट्टी. पायऱ्या त्याच आहेत. घास, आवळ, झाक, झोका दे. माझ्या माणसांना मी जी यादी देते तिच्यात एक ओळ मात्र कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाही, आणि ती सगळ्यात वर आहे: आधी खाली विचार, या गच्चीवर सकाळी कोण असतं आणि काय करतं. नवीन इंजिनीअर मुलगे हसतात. मग बोदवडला एकाला टाकीच्या शेजारी रोज आंघोळ करणारा पहारेकरी सापडतो, आणि तो हसायचं थांबतो.

पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारच्या पुढच्या दिवसाचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं घर होतं, मालक आबांच्या ओळखीचा, जरा मोठा माणूस. आम्ही पोचलो तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. नानांनी शिडी भिंतीला लावली. मी सवयीने खाली शिडीच्या बाजूला जाऊन उभी राहिले, दोन्ही हातांनी धरायला. नानांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्या गळ्यात अडकवली. मग शिडीच्या दुसऱ्या बाजूला गेले, एक पाय खालच्या पायरीला टेकवला, आणि डाव्या हाताने बांबू घट्ट धरला. उजवा हात वर जात नव्हता, पण कमरेएवढा येत होता. तोही त्यांनी लावला.

मालक म्हणाला, "काय नाना, मिस्तरी कोन शे आज?"

नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते शिडी जमिनीत नीट बसली का ते बघत होते.

"ती चढी ऱ्हायनी ना," ते म्हणाले. "दखा."

मी चढले. वर पोचल्यावर आधी समोरच्या भिंतीकडे पाहिलं, दोरीचा खांब कुठे बसेल ते.